बैलगाडी हाकणाऱ्याला आयर्लंडच्या शेतावर घोडागाडी जमेल का?

तुम्ही लिहिलंय की लहानपणापासून बैल जुंपलेत, आता काही महिने आयर्लंडला एका शेतावर राहणार आहात. तिथे घोडा हाकता येईल का, आणि दिवस कसा जातो? जमेल. मी सांगली जिल्ह्यातला. बायकोच्या नोकरीमुळे टिपररी काउंटीत आलो आणि शेजारच्या आजोबांच्या शेतावर सुट्टीच्या दिवशी राबत शिकलो.

आधी जू विसरा. बैल वशिंडापुढे जू घेऊन ओढतो, घोडा खांद्यांनी रेटतो. त्यासाठी गळ्यात पेंढा भरलेली चामड्याची जाड कॉलर असते. घोड्याचं कपाळ रुंद, म्हणून ती डोक्यातून उलटी घालायची आणि मानेवर आल्यावर फिरवून सरळ करायची. कॉलरचं खालचं टोक आणि घोड्याचा गळा यांच्यामध्ये सपाट हात शिरला पाहिजे. घट्ट झाली तर श्वास कोंडतो, सैल राहिली तर घासून खांदे सोलतात. आजोबांनी पहिले दोन आठवडे मला लगाम हातात दिलाच नाही. कॉलर घालायची, काढायची, खरारा करायचा, खांद्यावरून हात फिरवून कुठे गरम लागतंय ते बघायचं. तेव्हा कंटाळा यायचा. आज वाटतं, तेच खरं शिक्षण होतं.

ओढण्यापेक्षा रोखणं अवघड. उताराला गाडी मागून अंगावर येते, ती घोडा मांड्यांमागून फिरवलेल्या पट्ट्यावर पेलतो. तो पट्टा ढिला असेल तर गाडी थेट मागच्या पायांवर आदळते.

आणि एक चूक माझ्या हातून झाली ती तुम्ही करू नका. पावसात घाईने गाडी सोडताना मी आधी डोक्यावरचा साज काढला. त्याबरोबर डोळ्यांच्या बाजूची झापडं निघाली, घोडीला पाठीशी चिकटलेली गाडी दिसली आणि ती उधळली. फाटक बंद होतं म्हणून निभावलं, पण गाडीची एक दांडी मोडली. आधी गाडीपासून घोडा पूर्ण मोकळा करायचा, मगच तोंडाला हात लावायचा. शेपूट पिरगाळणं, टोचणं इथे विसरा. घोड्याचं तोंड फार नाजूक. चुचकारलं की चालतो, लगाम बोटांनी नुसता आवळला तरी समजतो.

शेतीचं काम मात्र ट्रॅक्टरच करतो. घोडे राहिलेत ते प्रेमापोटी. १९३१ साली अथाय गावाजवळ सुरू झालेल्या राष्ट्रीय नांगरणी स्पर्धेत आजही घोड्यांच्या नांगराचा वेगळा गट असतो. ते सरळ तास बघताना मला आमचं रान आठवतं. आजोबांची घोडी आयरिश कॉब जातीची, पायांवर झुपकेदार केस. तिथे चिखल राहिला की कातडी चिघळते, म्हणून हिवाळ्यात रोज पाय तपासून कोरडे ठेवायचे. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद येतो.

बाकी दिवस गाईंचा. फेब्रुवारीत वेतं सुरू झाली की रात्री गोठ्यातच जातात. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, आणि चार कोरडे दिवस मिळाले की सगळं गाव गवत कापून वाळवण्याच्या मागे. पूर्वी शेजारी मिळून एकेकाचं गवत उरकायचे, त्याला आयरिशमध्ये ‘मेहल’ म्हणतात. मी आजोबांना आपली इर्जिक सांगितली तेव्हा त्यांनी तो शब्द तीनदा म्हणून घेतला.

पोहोचल्यावर लगेच गाडीवर बसायला मागू नका. आधी कॉलर दाखवा म्हणा.