विटेचा शेक, रुईचं पान आणि सकाळचं पहिलं पाऊल

प्रश्न : माझं वय 52. सकाळी पलंगावरून पाय टेकवला की उजव्या टाचेत सुई टोचल्यासारखी कळ येते. दहा-पंधरा पावलांनंतर कमी होते, पण दुपारी बसून उठलं की पुन्हा तेच. एक्स-रेत हाड वाढलंय म्हणाले. सासूबाई गरम विटेवर रुईचं पान ठेवून शेक घ्यायला सांगतात. घेऊ का? फिरायला जाणं बंद करू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी सासूबाईंचं. शेक घ्या, बरं वाटतं. माझी टाच धरली होती तेव्हा आईनं मलाही वीट तापवून दिली होती आणि फिजिओथेरपिस्ट असूनही मी निमूट पाय ठेवला होता. पण मधुमेह असेल तर वीट नको. तळपायाची जाणीव कमी झालेली असली तर कातडी भाजलेलीही कळत नाही. रुईचं पान तोडल्यावर हात धुवा, तो चीक डोळ्यांना वाईट. आणि शेकानं दुखणं तेवढ्यापुरतं हलकं होतं, जात नाही.

टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, प्लांटर फॅशिया. रात्रभर पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. तीच ती कळ. वाढलेल्या हाडाची धास्ती घेऊ नका. असं हाड न दुखणाऱ्या टाचांतही पुष्कळदा दिसतं.

आता माझा नेहमीचा प्रश्न : घरात चप्पल घालता? उत्तर मला पाठ आहे. ‘छे, स्वयंपाकघरात कसली चप्पल!’ मग दोन-तीन तास ओट्यापुढे कडक फरशीवर अनवाणी. नवी, मऊ तळाची, टाचेला जरा उंची असलेली जोडी फक्त घरासाठी ठेवा. देवघरापाशी काढा हवी तर.

उठल्यावर लगेच पाय खाली सोडू नका. उजवा पाय डाव्या मांडीवर घ्या, पाचही बोटं हातानं नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तळवा चाचपला तर पट्टा दोरीसारखा ताठ लागेल. दहा आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा.

दुसरा व्यायाम जिन्यावर, कठड्याला धरून. पंचाची गुंडाळी बोटांखाली, टाच पायरीबाहेर. सावकाश टाच उचला, क्षणभर थांबा, तितक्याच सावकाश खाली. एक दिवसाआड, झेपेल तेवढं. थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशीची कळ वाढली तर मात्र आकडा कमी करा. हा पट्टा नुसत्या आरामानं बळकट होत नाही, त्याला बेताबेतानं काम द्यावं लागतं. म्हणून फिरणं बंद नको, सध्या निम्मं करा. सुधारणा महिन्यांत मोजायची, आठवड्यांत नाही. माझी टाच सात महिने कुरकुरत होती. रात्री झोपेतही ठणकलं, मुंग्या आल्या किंवा सूज दिसली तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : राजगड उतरताना घोटा मुरगळला. चार दिवस झाले, सूज आहे. बर्फ किती दिवस लावू? शेजारचे काका मालीशवाल्याकडून ‘बसवून’ घे म्हणतात.
– एक वाचक, पुणे

उत्तर : मालीशवाल्याकडे नको. फाटलेल्या लिगामेंटला, म्हणजे हाडाला हाड जोडणाऱ्या पट्ट्याला, हिसका देऊन बसवण्यासारखं तिथं काही नसतं. आधी हाडाचं बघू. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये दिलेली कसोटी सोपी आहे : चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड, टोक अथवा पावलाची हाडं दाबून दुखत असतील, तर एक्स-रे काढा.

तसं नसेल तर बर्फ फक्त दुखणं कमी करायला, कापडात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं. ‘आराम, बर्फ, पट्टी, पाय उंच’ हे सूत्र ज्यांनी 1978 मध्ये मांडलं, त्या डॉ. गेब मिर्किन यांनीच 2014 मध्ये कबूल केलं की बर्फ आणि पूर्ण आराम भरून येणं लांबवू शकतात. क्रेप बँडेज बांधून, दुखेल-न दुखेल इतपत चालायला लागा. बसल्या बसल्या अंगठ्यानं हवेत मुळाक्षरं गिरवा. ‘ळ’ काढताना घोटा सगळीकडून फिरतो. पाय भार घेऊ लागला की दात घासताना त्या एकाच पायावर उभे राहा, बेसिनला धरून चालेल. हे सोडलंत तर घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो.

राजगड कधी? त्या एका पायावर न दुखता दहा उड्या मारता आल्या की. तोवर पर्वती.