ट्युलिपची पानं कापू नका!

न्यू जर्सीत पहिल्यांदाच ट्युलिप लावताय ना? कंद दाबून बघा, टणक लागला तरच घ्या. ऑक्टोबरअखेर, जमीन गार झाली की टोक वर ठेवून 6 ते 8 इंच खोल लावा आणि वर तारेची जाळी अंथरा, नाहीतर खारी उकरतात.

पाकळ्या गळल्या की फक्त बोंड खुडा, म्हणजे बी धरण्यात जोर जात नाही. पानं मात्र कितीही मरगळलेली दिसली तरी पूर्ण पिवळी होईपर्यंत राहू द्या. जुना कंद फुलून संपतो. पुढच्या वर्षीचा नवा कंद याच पानांवर पोसतो. पानं कापायची घाई बहुतेक सगळेच करतात, तुम्ही कृपया करू नका.

उन्हाळ्यात तिथे पाणी नको, कंद कुजतात. दरवर्षी फुलं हवीत तर डार्विन हायब्रिड प्रकारचे ट्युलिप घ्या, माझी पसंती त्यांनाच.