निफाडचा 2050 चा पाऊस: मॉडेलवर कितपत विसंबायचं?

तुमच्या पोस्टमध्ये दोन प्रश्न आहेत. परवाचा अंदाज चुकतो, मग 2050 चं हवामान मॉडेल, म्हणजे संगणकावरचा हवामानाचा हिशेब, कसं मानायचं, हा पहिला. दुसरा असा, की 25 किलोमीटरच्या चौकटींच्या एका नकाशात निफाडचा परतीचा पाऊस वाढलेला दिसतोय, मॉडेलचा मागच्या वर्षांचा पाऊस इथल्या नोंदींशी छान जुळतोय, तर त्या भरवशावर वडिलांनी द्राक्षबागेवर प्लास्टिक आच्छादनाचा खर्च करावा का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. येत्या 14 डिसेंबरला निफाडचा पारा किती उतरेल, हे आज कुणीही सांगू शकत नाही. पण निफाडचा डिसेंबर मे महिन्यापेक्षा थंड असणार, हे सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. रोजचा अंदाज आजच्या हवेच्या स्थितीवरून काढतात आणि त्यातली बारीक चूक थोड्याच दिवसांत फुगते. हवामान मॉडेल मात्र पृथ्वीवर किती ऊर्जा येते, किती बाहेर जाते आणि त्यातून अनेक वर्षांची सरासरी कशी सरकते, हे पाहतं.

दुसरा प्रश्न मोलाचा आहे, कारण त्यात पैसा आहे आणि एक फसगतही आहे.

जागतिक मॉडेल पृथ्वीचे साधारण 100 किलोमीटरचे चौकोन पाडतं. आता आपला नाशिक जिल्हा डोळ्यांपुढे आणा. इगतपुरीला वर्षाकाठी 3,000 मिलिमीटरच्या घरात पाऊस. तिथून सरळ रेषेत जेमतेम 50 किलोमीटरवर सिन्नर, आणि तिथे त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. मॉडेलमध्ये ही दोन्ही गावं एकाच चौकोनात बसू शकतात. 1,646 मीटरचं कळसूबाई, कसारा घाटाचा उभा कडा, सगळ्याची एक सरासरी उंची होते आणि सह्याद्री म्हणजे एक हलका चढ उरतो. पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा पट्टा, ज्या कड्यामुळे पडते, तो कडाच तिथे नसतो.

ढगांचंही तेच. हवेची गती, उष्णता, बाष्प यांची समीकरणं पक्की आहेत, पण एक ढग काही किलोमीटरचा. एवढ्या मोठ्या चौकोनात तो दिसतच नाही, म्हणून त्याचा परिणाम ठोकळ सूत्रांनी मांडावा लागतो. वर चढणाऱ्या ढगात बाजूची कोरडी हवा किती मिसळते, ढगातल्या थेंबांचे पावसाचे थेंब किती वेगाने होतात, असे आकडे निरीक्षणांच्या मर्यादेत राहून जुळवून घेतले जातात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने आपलं पृथ्वी-प्रणाली मॉडेल (हवा, समुद्र, जमीन एकत्र धरणारं) उभारलं, तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत वातावरणाच्या माथ्यावरचा ऊर्जेचा ताळेबंद नीट बसवणं हेच मोठं काम होतं. पृथ्वी शोषते ती आणि बाहेर जाते ती ऊर्जा दर चौरस मीटरला सुमारे 240 वॅट, आणि आपण शोधतोय तो फरक एखाद्या वॅटच्या आसपासचा. तिथे गळती असेल तर समुद्र उगाचच तापत किंवा निवत जातो. हे मॉडेल जगभरच्या हवामान मॉडेलांच्या आंतरराष्ट्रीय तुलनेच्या सहाव्या फेरीत उतरलं, याचा मला मनापासून अभिमान आहे.

आकडे जुळवून घेतलेले असतात, म्हणूनच मॉडेल कशाशी जुळलं यापेक्षा ते जुळवणीत नसलेल्या परीक्षेत टिकलं का, हे मी आधी विचारतो. जून 1991 मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला. हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी मॉडेल चालवून जग सुमारे अर्धा अंश थंडावेल असं आधीच सांगितलं, आणि तसंच घडलं. 1970 नंतरच्या 17 जुन्या मॉडेल-भाकितांची नंतर पडताळणी झाली. हरितगृह वायू प्रत्यक्षात किती वाढले हे हिशेबात घेतल्यावर त्यातली 14 तापमानवाढीशी सुसंगत निघाली. उलट उदाहरणही आहे. अमेरिकेचं एक नावाजलेलं मॉडेल विसाव्या शतकाशी चांगलं जुळत होतं. त्याच्यावर 21,000 वर्षांपूर्वीचं हिमयुग चालवून पाहिलं, तर पृथ्वी भलतीच गोठली. अशी काही मॉडेलं कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर 5 अंशांच्या वर तापतात. 2021 च्या आयपीसीसी (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदल समिती) अहवालाने म्हणूनच सगळ्यांची सरसकट सरासरी घेतली नाही. इतर पुरावे धरून 2.5 ते 4 अंश हा पल्ला दिला.

आता तुमच्या नकाशाकडे. 25 किलोमीटरचा आकडा पाहून बारकावा वाढला असं वाटतं. पण अशा बहुतेक डेटासंचांत मूळ मॉडेल जाडंभरडंच असतं. त्याचा मागचा पाऊस नोंदींशी मुद्दाम जुळवून घेतात आणि मग बारीक चौकटींत वाटतात. म्हणजे तो निफाडशी जुळतो, कारण तो जुळवलेला आहे. पुढच्या काळातली वाढ-घट मात्र त्या 100 किलोमीटरच्या, बिनकड्याच्या चौकोनातूनच आलेली असते. आणि मॉडेलांचा जुना दोष आहेच: भारताच्या जमिनीवर मान्सूनचा पाऊस कमी, विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर जास्त, आणि मोजक्या जोरदार सरींऐवजी वरचेवर भुरभुर.

मॉडेलं टाकून द्यावीत असं मी अजिबात म्हणत नाही. 1951 ते 2015 मध्ये भारताचा मान्सूनचा पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटला, पश्चिम घाटातही घटला, आणि मॉडेलं पुढे वाढ दाखवतात. हा विरोधाभास सोडवायलाही मॉडेलच लागलं. धूलिकण आणि धुरक्याचा परिणाम वेगळा काढून पाहिल्यावर घटीचं बरंचसं कारण तिथे सापडलं. हवा एक अंश तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे जोरदार सरी वाढण्याचा अंदाजही भक्कम पायावर उभा आहे.

तर वडिलांसाठी माझा हिशेब असा. रात्रीचं तापमान वाढण्याचा कल: विश्वास ठेवा, वाणाची निवड करताना धरा. कमी वेळात जास्त पाऊस: दिशा माना, आकडा मानू नका. निफाड तालुक्याचा टक्केवारीतला पाऊस: त्यावर रुपयाही लावू नका. गारपीट: जागतिक मॉडेल गार घडवतच नाही, तो विषयच सोडा.

आच्छादनाचा निर्णय मॉडेलशिवायही होतो. गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) पोंग्यात, म्हणजे कोवळी फूट निघताना, किंवा फुलोऱ्यात पाऊस सापडून डाऊनी या बुरशीरोगाने आणि घडकुजीने किती हंगामांत माल गेला, ते घरच्या वह्यांतून काढा. नोव्हेंबर 2023 ची गारपीट वडिलांना वेगळी सांगावी लागणार नाही. तो तोटा आच्छादनाच्या हप्त्यापेक्षा मोठा असेल, तर खर्च आजच्या हवामानावरच वसूल होतो. नकाशा तरीही वापरायचा असेल, तर सरासरीचं पान बंद करा, प्रत्येक मॉडेलचा सप्टेंबर ते नोव्हेंबरचा पाऊस वेगवेगळा उतरवून घ्या आणि किती वाढ म्हणतात, किती घट, ते इथे टाका. पुढचं आपण मिळून पाहू.