वाचकांचे प्रश्न : खाऱ्या टाकीचा कोरडा खडक

प्रश्न : नागपुरातील एका परिचितांनी आपली खाऱ्या पाण्याची प्रवाळटाकी बंद केली, तेव्हा त्यांच्याकडून मी अंदाजे 18 किलो खडक आणला. दोन वर्षे तो शेतातील कोठ्यात पडून होता. बराचसा डीएपी खताच्या रिकाम्या पोत्यात होता, तर तीन तुकडे संत्र्याच्या बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावण्याच्या सामानाजवळ होते. आता 200 लिटरची टाकी मांडायची आहे. आई म्हणते, मोठ्या गंजात उकळून घे. मित्र म्हणतो, ग्रामपंचायतीच्या टीसीएल पावडरीत भिजव. काय करावे?
— एक वाचक, तालुका वरूड, जिल्हा अमरावती

उत्तर : प्रथम उकळण्याचा विचार सोडून द्यावा. जुन्या टाकीतील खडकावर झोअँथिड जातीचे बटणासारखे जीव वाळून चिकटलेले असू शकतात आणि त्यांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन नावाचे जहाल विष असते. असा खडक उकळल्यावर निघालेल्या वाफेमुळे घरातील माणसे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना परदेशांत घडलेल्या आहेत. त्यामुळे खडक घासतानाही तो आधी ओला करावा आणि हातमोजे व चष्मा वापरावा.

आपल्या पत्रातील खरा प्रश्न मात्र खडक मळलेला आहे हा नसून, तो दोन वर्षे कशाच्या संगतीत राहिला हा आहे. हा खडक म्हणजे सच्छिद्र कॅल्शियम कार्बोनेट. ज्या बारीक छिद्रांमुळे तो जिवाणूंचे घर होतो, त्याच छिद्रांत तो भोवतालचे क्षारही ओढून घेतो. बोर्डो पेस्ट मोरचूद आणि चुन्याची असते, आणि मोरचूद म्हणजे तांबे. कोळंबी, शंख, प्रवाळ अशा अपृष्ठवंशीय जीवांना तांब्याचा अंशही सोसत नाही, आणि कार्बोनेटात बसलेले तांबे कित्येक महिने थोडेथोडे सुटत राहते. ते तीन तुकडे उन्हात नेऊन नीट पाहावेत. खळग्यांत निळसर पापुद्रा दिसला तर धुण्याच्या खटपटीत न पडता ते टाकून द्यावेत. डाग दिसला नाही तरी मी स्वतः ते टाकीत घालणार नाही. दीड-दोन किलो खडकासाठी पुढची सारी टाकी पणाला लावण्यात शहाणपण नाही.

पोत्यातील खडकाची गोष्ट वेगळी आहे. डीएपीमध्ये 46 टक्के स्फुरद असते आणि रिकाम्या पोत्याच्या शिवणीत त्याचे दाणे राहतातच. दमट हवेत ते विरघळून खडकात मुरले असणार. फॉस्फेट वाढले की टाकीत शेवाळ माजते आणि प्रवाळाचा सांगाडा वाढणे मंदावते. सर्व तुकड्यांवर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारावा. नंतर त्यांतील एक तुकडा बादलीभर आरओ पाण्यात तीन दिवस ठेवून फॉस्फेट मोजावे. आकडा 0.1 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 0.1 भाग) आत असेल तर फार चिंता नाही. पाणी बदलल्यावर आकडा पुन्हा चढला तर मोजण्याचे किट बिघडले असे समजू नये. तेल मुरलेले मडके धुतल्यावरही उन्हात पुन्हा तेल सोडते, तसेच हे आहे.

टीसीएल पावडर ब्लीचच आहे, पण तिच्यातील चुन्याचा गाळ छिद्रांत बसतो. त्याऐवजी सुगंध व साबण नसलेले सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण घ्यावे, त्याच्या एका भागात दहा भाग पाणी मिसळावे आणि खडक आठवडाभर उघड्या हवेत भिजत ठेवावा. त्यामुळे मेलेले स्पंज व वाळलेले शेवाळ सुटेल. नंतर तीन-चार पाण्यांनी धुऊन, सोडियम थायोसल्फेटने उरलेला क्लोरीन मारून, खडक उन्हात कडकडीत वाळवावा. या कामाला आपला मे महिना उत्तम. एरवी त्या उन्हाचे कौतुक करण्याचे प्रसंग कमीच येतात. मात्र ब्लीचने ना तांबे जाते, ना फॉस्फेट.

फॉस्फेट हट्टी निघाले तरच आम्लाकडे वळावे. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या सौम्य द्रावणात खडकाचा बाहेरचा थर फसफसून विरघळतो आणि त्या थरातील फॉस्फेट त्याच्याबरोबर जाते. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. ब्लीचचा लवलेश उरलेल्या खडकावर ते घातल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो, म्हणून मधली धुलाई व वाळवण टाळू नये.

यानंतर खडक मिठाच्या पाण्यात मुरवायचा, म्हणजे त्यात उपयोगी जिवाणू वसवायचे. त्यासाठी नवे पिंप आणावे. फवारणीचे औषध कालवलेले पिंप कितीही धुतले तरी चालणार नाही, कारण कीटकांना मारणारे औषध कोळंबीलाही मारते. आरओ पाण्यात लिटरमागे साधारण 36 ते 40 ग्रॅम सागरी मीठ घालून क्षारता 35 पीपीटीवर (हजार भागांत 35 भाग) आणावी, पाणी फिरवणारा पंप सोडावा आणि शेवाळ येऊ नये म्हणून पिंप अंधारात ठेवावे. पुढे शुद्ध अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया 2 पीपीएमपर्यंत न्यावा. नवसागर म्हणजे तेच, परंतु कल्हईवाल्याकडील नवसागराच्या शुद्धतेची खात्री नसते. जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. घातलेला 2 पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्यावर येऊ लागला की खडक टाकीत मांडण्याजोगा झाला. याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. हे काम पावसाळा लागल्यावर करावे, कारण मे महिन्यात पिंपातील पाणी फार तापते आणि भारनियमनात पंप थांबला की प्राणवायू झपाट्याने घटतो. उडून गेलेल्या पाण्याची भर साध्या आरओ पाण्याने करावी, कारण मीठ उडत नाही. बदलून काढलेले खारे पाणी संत्र्याच्या आळ्यात मुळीच ओतू नये. संत्र्याला क्षार मानवत नाहीत.

टाकलेल्या तुकड्यांऐवजी समुद्रावरून प्रवाळ वेचून आणण्याचा मोह कोणी घातल्यास बळी पडू नये. 2001 पासून प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. मानवनिर्मित खडक घ्यावा.

प्रश्न : आमचे गाव खारपाणपट्ट्यात आहे आणि विहिरीचे पाणी मुळातच खारट आहे. खडक मुरवण्यासाठी त्यातच थोडे मीठ वाढवून चालेल काय?
— एक वाचक, तालुका दर्यापूर

उत्तर : चालणार नाही. चव खारट असली तरी पूर्णेच्या खोऱ्यातील भूजलाचे क्षार समुद्राच्या प्रमाणात नसतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात कॅल्शियम सुमारे 410 आणि मॅग्नेशियम सुमारे 1,300 मिलिग्रॅम असते. विहिरीच्या पाण्यात सोडियम व बायकार्बोनेटचे पारडे जड असू शकते, शिवाय शेतातून झिरपलेले नायट्रेट असते ते वेगळेच. त्यावर सागरी मीठ घातले तर क्षारतेचा आकडा जुळेल, घटक जुळणार नाहीत. तेच पाणी आरओमधून काढून टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्याजवळ आल्यावर वापरावे. खारपाणाने आरओचा पडदा लवकर चोंदतो, म्हणून दर पिंपाच्या वेळी टीडीएस मीटर लावून पाहावे.