लेबर रूममधलं लिखाण: नव्या सिस्टरसाठी

अगं, वाशीच्या खाडीपुलावर लोकल अडकली की नाइटची मुलगी उशिरा येते, मग ओव्हर (पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवणं) घाईत होते आणि नोंदी तिथेच राहतात. म्हणून जे केलंस ते लगेच लिही. शिफ्ट संपताना आठवून लिहायचं नाही.

पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा तक्ता, गर्भाशयाचं तोंड ४ सेंटीमीटर उघडलं की सुरू कर (त्याच्या जागी नवा तक्ता, लेबर केअर गाइड, असेल तर ५ ला). बाळाचे ठोके आणि कळा दर अर्ध्या तासाने. ठोके 'नॉर्मल' काय लिहितेस? १४२ असतील तर १४२ लिही. मी नवी असताना चहाला जायचं म्हणून पुढच्या २ तासांचे ठोके आधीच भरून ठेवले होते. मेट्रनने पान पाहिलं तेव्हा घड्याळात तेवढे वाजलेही नव्हते! आठवलं की अजून कान गरम होतात.

चुकलं तर एकच रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला सही, तारीख, वेळ. व्हाइटनर अजिबात नाही. रक्तस्राव 'बराच' नको, किती पॅड भिजले ते लिही. आणि डॉक्टरांना फोन केलास तर किती वाजता, तू काय सांगितलंस, ते काय म्हणाले, सगळं. उचलला नाही, तर तेही.