संडासला रक्त पडतंय? आधी तपासून घ्या, मग मलम

तुम्ही लिहिलंय की तीन आठवडे संडासला लाल रक्त पडतंय, दुखत अजिबात नाही, आणि दवाखान्यात न तपासताच 'मूळव्याध आहे' म्हणून मलम आणि चूर्ण हातात ठेवलंय. अगदी हेच माझ्या वाट्याला आलंय, म्हणून सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही. निदान डॉक्टरांकडूनच करून घ्या.

माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते पेठेतल्या एका 'बिनऑपरेशन इलाज' पाटीच्या दवाखान्याने. समोर खुर्चीत बसवून चार प्रश्न, की झालं निदान. बोटाने तपासणी नाही, प्रॉक्टोस्कोपी (गुदद्वारात छोटी नळी घालून आत बघणं) नाही. औषधं बदलत राहिली आणि तोवर हिमोग्लोबिन उतरत गेलं. बोटाची तपासणी आणि प्रॉक्टोस्कोपी मिळून काही मिनिटांचं काम असतं. उपाशी राहावं लागत नाही, भूलही लागत नाही. तेवढंही जे करत नाहीत त्यांच्याकडून मूळव्याधीचं औषध घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. इंजेक्शन देतो म्हणाले तर औषधाचं नाव आधी कागदावर लिहून मागा.

मूळव्याध इतकी सर्रास असते की कोंब दिसले तरी रक्त तिथूनच येतंय असं धरून चालत नाही. वर आतड्यात पॉलिप (अस्तरावर वाढलेला मांसल कोंब), सूज किंवा कॅन्सरची गाठही असू शकते. आणि गाठीचं रक्तसुद्धा अधूनमधून थांबतं. नेमकं त्याच वेळी मलम चालू असलं की 'गुण आला' असं वाटतं आणि महिने निघून जातात.

फ्लश करण्याआधी नीट बघा. मूळव्याधीत बहुतेकदा शौचानंतर लालभडक रक्त ठिबकतं आणि दुखत नाही. फिशरमध्ये (गुदद्वाराला चीर पडते तेव्हा) रक्त थोडंच, पण कापल्यासारखी कळ येते आणि नंतर तासन् तास आग होते. मळात कालवलेलं गडद रक्त किंवा रक्तासोबत आव पडत असेल तर आतड्याची तपासणी हवी. डांबरासारखा काळा, चिकट, घाण वासाचा मळ म्हणजे बहुधा जठरातून किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीतून होणारा रक्तस्राव. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो आणि बीटाने लाल होतो, तेव्हा काय खाल्लं तेही आठवून पाहा.

असा डांबरासारखा मळ, रक्ताच्या गुठळ्या, न थांबणारं रक्त, चक्कर, छातीत धडधड, दरदरून घाम यातलं काहीही असेल तर ओपीडीची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट कॅज्युअल्टी गाठा. तुमच्यासारखं तीन आठवडे चाललेलं रक्त याच आठवड्यात सर्जनला किंवा गॅस्ट्रोला (पोटविकारतज्ज्ञाला) दाखवा. वय ४५ च्या पुढे असेल, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, वजन घटत असेल किंवा शौचाची सवय बदलली असेल तर कोलोनोस्कोपीचं (कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं तपासतात ते) स्वतःहून विचारा. खाजगीतला खर्च झेपत नसेल तर पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयात सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. रांग असते, पण तपासणी होते. सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी) आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) हेही सांगून करून घ्या.

कोलोनोस्कोपी फसते ती तयारीत. आदल्या दिवशी पेरू, टोमॅटो, पालेभाजी, लाल सरबत बंद. लोहाच्या गोळ्या सहसा ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, पण डॉक्टरांना विचारूनच. पोट साफ करायच्या पावडरचं पाणी सांगितलं तेवढं सगळं प्यायचं, शेवटी पिवळसर, स्वच्छ पाणी पडायला हवं. पोट अर्धवट साफ राहिलं तर सगळं पुन्हा करावं लागतं.

तोवर कोमट पाण्याच्या टबात १०-१५ मिनिटं बसा आणि इसबगोल भरपूर पाण्यासोबत घ्या. पाणी कमी पडलं तर उलट मळ अडकतो. संडासात मोबाईल नेऊ नका, कुंथत बसू नका. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर ती मनाने बंदही करू नका. रक्त पडतंय हे ज्यांनी ती लिहून दिली त्यांना आजच फोन करून सांगा.