मंत्राची मालकी कुणाची ते आधी ठरव
भावा, तुझ्या सायबरपंक-जादूच्या गोष्टीची पहिली तीन पानं वाचली, निऑन लाइटी आहेत, मंत्र आहेत, पण दोन्ही नुसती शेजारी शेजारी बसल्यात, एकमेकाला धक्काच लागत नाही. सायबरपंक, म्हणजे यंत्रं आणि बड्या कंपन्यांच्या ताब्यातल्या भविष्याची गोष्ट, नुसता पाऊस आणि चमकणारे बोर्ड नव्हे, कंपनी माणसाच्या अंगावर पण मालकी सांगते ते खरं. मग तुझ्या जगात मंत्राचा मालक कोण? १९८९ च्या शॅडोरन गेममध्ये बघ, अंगात जेवढी यंत्रं बसवशील तेवढी जादू कमी होते, त्या एका नियमानं पात्राला निवड करावीच लागते. तसा तुझा स्वतःचा नियम पायजे, एकच पुरे.

आणि गोष्ट टोकियोत कशाला रे? आपल्या बेळगावातल्या उद्यमबागच्या फाउंड्रीतला कामगार घे, हात यंत्राचा, आईबरोबर सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला जातो आणि भंडारा घेताना त्या लोखंडी बोटांना काही जाणवतच नाही, आता आईला ते सांगायचं कसं, ह्यात अख्खी गोष्ट हाय बघ, मला लिहितानाच काटा आला. पाट्या कन्नडमध्ये, घरात मराठी, मग सिस्टीम कुठल्या भाषेतला मंत्र ऐकते ते पण लिही की. ते परदेशी परीकथेतले एल्फ-बिल्फ सध्या राहू दे बाजूला.